तुसाची पिशवी घेऊन शारजाला

शारजाच्या विमानतळावर माझी बॅग बाजूला काढली. बरोबरचे सगळे आपापल्या बॅगा ओढत निघून गेले आणि मी एकटी टेबलापुढे उभी राहिले. टेबलापलीकडे काळा झगा घातलेली, डोकं झाकलेली एक तरणी बाई होती. तिनं कुळथाचं पीठ काढलं, तिखट काढलं, तूरडाळ काढली, आंबोशी हुंगून नाक मुरडलं. शेवटी कापडी पिशवी निघाली. तिची शिवण उसवून तिनं मनगटापर्यंत हात आत घातला.

"क्या है, मामा?" तिकडे आईला मामा म्हणतात.

"चावल का छिलका."

"खाने का?"

"खाने का नहीं. रबर में डालने का."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हिंदी बऱ्यापैकी येणाऱ्या एका माणसाला हाक मारली. त्यानं विचारलं, हे कशाला आणलं. मी म्हटलं, "मेरे लड़के ने मंगवाया था."

"लड़का बाहर खड़ा है?"

"नहीं. मर गया."

ते दोघं आपसात अरबीत काहीतरी बोलले. बाईनं बोटं एकमेकांवर चोळली, कागदानं पुसली आणि पिशवी बॅगेत परत ठेवली. "खलास, मामा. यल्ला," म्हणाली. यल्ला म्हणजे चला. हा मी तिकडचा शिकलेला पहिला शब्द.

मी आजऱ्याकडची. आमची भाताची गिरणी आहे. माझे मालक गेल्यापासून मीच चालवते. माझी शाळा चौथीपर्यंत. गावातल्या वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, तुम्ही एवढं लांब जाऊन आलात, लिहून काढा, न गेलेल्या बायका वाचतील. म्हणून लिहिते आहे. उंच मनोऱ्यांचं वर्णन मिळेल म्हणून कुणी वाचत असेल तर आधीच सांगते, मनोरे मी गाडीतून पाहिले आणि मान दुखली. एवढंच.

प्रकाश माझा एकुलता मुलगा. रबराचं शिक्षण घेऊन तो तिकडे गेला, जाऊन अठरा वर्षं झाली होती. गेल्या आषाढात कारखान्याच्या गोदामात खुर्चीवर बसल्या जागी गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. सुनेनं, वैशालीनं, तिकडेच अग्नी दिला आणि अस्थी घेऊन आली. माझा पासपोर्ट दिवाळीनंतर हातात आला. ज्यासाठी हवा होता ते होऊन गेलं होतं. तरी पौषात मी निघाले.

तुसाची ही पिशवी प्रकाशनं जाण्याआधी आठ दिवस फोनवर मागितली होती. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठव म्हणाला होता. मी भरून, शिवून ठेवली आणि तो गेला. पिशवी माजघरात तशीच होती. त्याची वस्तू, त्याच्या जागी पोचवायची, असं माझ्या मनात होतं.

अल नहदा

वैशालीचं घर अल नहदात, सतराव्या मजल्यावर. रस्त्याच्या अलीकडे शारजा आणि पलीकडे दुबई. मधे ना नदी ना कमान, एक रस्ता फक्त. सकाळी दाट धुकं पडायचं. वाळवंटात धुकं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खालचे मजले दिसायचे नाहीत, समोरच्या इमारतींची डोकी तेवढी वर तरंगायची. गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत असा नियम. एवढं ऊन, एवढा वारा, आणि लुगडं वाळत घालायचं न्हाणीघरात! मी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी रुमाल घातला, तर खालून रखवालदार आला.

खाली एक भट्टी होती. पठाण माणूस ताटाएवढ्या रोट्या भट्टीच्या भिंतीला चिकटवून काढायचा. त्याला खुबूस म्हणतात. गरम असेपर्यंत चांगला, गार झाला की चामडं. पण तो माणूस पीठ मळायचा ते बघण्यासारखं होतं. मी उभी राहून बघायची. एकदा मी त्याला म्हटलं, "तेल नहीं डालता?" तो म्हणाला, "अम्मी, इस में नहीं. पराठे में डालता हूँ." मी मान हलवली. कणकेला मोहन कुठे घालायचं आणि कुठे नाही, हे तोही जाणत होता आणि मीही.

वैशाली एका ऑफिसात नोकरी करते. सकाळी सातला निघते, कारण पुढे रस्ता तुंबतो. घरी येते तेव्हा तिचा चेहरा धुऊन पिळल्यासारखा असतो. मी आणलेली तूरडाळ तिनं पहिल्याच दिवशी तीन पाण्यांतून काढली.

"आई, अजून एरंडेल लावता डाळीला?"

"मग? टोके पडलेली डाळ खायला घालू?"

"इथे फ्रिजमध्ये ठेवतो आम्ही."

"डाळ फ्रिजमध्ये?"

ती हसली नाही. पूर्वी हसायची.

नात इरा पंधरा वर्षांची. तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. मला येस, नो, आय डोन्ट नो एवढं कळतं आणि ती बहुतेक तेवढंच बोलायची. घरात प्रकाशचा एक फोटो होता, पण तिच्या खोलीत एकही नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "नो रीझन, आजी."

एके दुपारी मी कचरा टाकायला बाहेर आले आणि दार मागे आपोआप लागलं. किल्ली आत, फोन आत. मी दोन तास चपलांच्या कपाटावर बसून होते. शेजारची इजिप्तची बाई येऊन माझ्याशी भरपूर बोलली, मीही भरपूर बोलले, दोघींना एक अक्षर कळलं नाही. तिनं खजूर आणून दिले. इरा शाळेतून आली तेव्हा मी पदरात बिया गोळा करून बसले होते. ती हसली. मी तिथे गेल्यापासून पहिल्यांदा.

"बिया कशाला ठेवल्यास?" चक्क मराठीत.

"टाकायच्या कुठे? आणि तुझा बाप म्हणायचा, खजुराच्या बियांचीसुद्धा पूड करून रबरात घालता येते."

तिचं हसू गेलं. तिनं दार उघडलं आणि खोलीत निघून गेली.

अल रीम

शनिवारी आम्ही तिघी अबुधाबीला गेलो. प्रकाशचे वरिष्ठ दिवाकर साहेब तिथे अल रीम आयलंडवर राहतात. पुण्याचे. त्यांनी जेवायला बोलावलं होतं. बेट म्हणून मी झाडं, होड्या अशी काही कल्पना केली होती. सगळे मनोरेच. त्यांच्या खिडकीतून मात्र समुद्र दिसत होता. हिरवट, लाट नसलेला, ताटात ओतून ठेवल्यासारखा.

त्यांच्या बायकोनं बासमतीचा मसालेभात केला होता. बासमतीचा मसालेभात म्हणजे दाणे एकमेकांशी भांडण झाल्यासारखे वेगळे. पण तिनं मनापासून केला होता आणि मी दोनदा घेतला.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीन वर्षांपूर्वी प्रकाश सुट्टीवर आला होता. गिरणीमागे तुसाचा ढीग असतोच. तूस म्हणजे भातावरचं टरफल. वीटभट्टीवाले नेतात, कोंबड्यांखाली घालतात, जाळून राखुंडी करतात. तो ढिगापुढे उभा राहून म्हणाला, "आई, आम्ही रबरात काळी पूड घालतो ती खनिज तेलापासून होते. त्यातली थोडी काढून हा घातला तर?" मी म्हटलं, "घाल बापडा, मला काय." मग त्यानं मला समजावलं होतं. रबर, पूड एकत्र मळायचं, लाटून शिटं करायची, आणि शिटांना किरणांचा मारा द्यायचा. म्हणजे आतले धागे एकमेकांना गाठी मारतात आणि रबर पक्कं होतं. मी विचारलं, "तुझ्या वडलांना मिरजेला शेक दिले, तसलेच का किरण?" तो म्हणाला, "त्याच जातीतले. तिथे गाठ मोडायला देतात, इथे गाठ मारायला."

मी त्याला पिशवी भरून दिली. त्याची शिटं सुंदर निघाली. एक तुकडा त्यानं मला पाठवला, काळा, त्यात बारीक सोनेरी ठिपके. गिरणीच्या मोटरीखाली घाल, हादरा कमी होईल म्हणाला. कारखान्यानं त्या शिटांवर मोठं गिऱ्हाईक धरलं. मग आमच्या दत्तूनं, गिरणीवरच्या माणसानं, दोन पोती तूस भरून जहाजानं पाठवला. त्या तुसाची शिटं काही धड होईनात. फोड यायचे, ओढलं की फाटायची. प्रकाशनं खूप वेळा केलं. गिऱ्हाईक गेलं आणि प्रकाशला त्या कामावरून काढून गोदामात बसवलं.

एवढं मला माहीत होतं. का बसवलं ते त्या दिवशी जेवताना कळलं.

मीच विचारलं. "साहेब, एक काम जमलं नाही म्हणून माणसाला गोदामात बसवतात का?"

दिवाकर साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. "काकू, तो विषय आज नको."

"मी परत कधी येणार इथे?"

"प्रकाश माणूस म्हणून सोन्यासारखा होता. पण पहिल्या शिटांचे आकडे त्यानं दिले होते. ते आकडे नंतर एकदाही आले नाहीत. तीच कृती, तोच तूस, तेच यंत्र. वरच्या लोकांनी विचारलं, मी काय सांगणार?"

"म्हणजे त्यानं खोटे लिहिले?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलंत?"

त्यांची बायको म्हणाली, "काकू, श्रीखंड घ्या ना थोडं."

मी म्हटलं, "पहिल्या शिटाचा तुकडा माझ्या मोटरीखाली तीन वर्षं आहे. रोज आठ तास हादरे खातो. अजून एक चीर नाही. तो खोटा कसा?"

साहेब माणूस वाईट नव्हता, अडचणीत होता. मी म्हटलं, मला त्याची जागा बघायची आहे. ते लगेच हो म्हणाले. बोलणं बदललं याचंच त्यांना बरं वाटलं असावं.

परत येताना वैशाली गाडी चालवत होती. मागे माझ्या शेजारी बसलेली इरा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "ही मेड इट अप, आजी. एव्हरीवन नोज."

मला कळलं नाही. मी वैशालीला विचारलं. तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "म्हणते, बाबांनी ते मनानं रचलं. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"तिच्या वर्गात एक मुलगी आहे आई, तिचे वडील त्याच कंपनीत आहेत. तिनं वर्गात सांगितलं. प्रकाश असताना. इरानं त्याला विचारलंही होतं."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, मलाच कळत नाहीये बेटा."

मूल ते उत्तर कसं घेणार? नाही म्हणाला नाही, म्हणजे हो. तिच्या खोलीत फोटो का नाही ते मला तेव्हा कळलं. मुलगा गेला त्याला माझा इलाज नव्हता. पण त्याच्या मुलीनं त्याला खोटारडा समजून मोठं व्हायचं, हे मी बघत बसणार नव्हते. काय करायचं ते मात्र ठाऊक नव्हतं.

अल क्वोज

प्रकाशचा कारखाना दुबईत, अल क्वोजला. अल क्वोज म्हणजे गोदामं, गॅरेजं आणि कामगारांच्या खोल्या. इथे गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. मला बरं वाटलं.

जोसेफ दारातच उभा होता. केरळचा, साठीला टेकलेला, रबर मळायच्या यंत्रावर बावीस वर्षं. दोन जाड लोखंडी लाटणी उलटसुलट फिरतात आणि त्यांच्यामध्ये रबर दाबलं जाऊन पोळीसारखं बाहेर येतं. ते परत आत सारायचं. त्याच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. मी तिकडे बघितलं तर म्हणाला, "यंत्र ने ले लिया, अम्मा. प्रकाश सर के आने से पहले."

त्यानं मला करक चहा पाजला. दाट, वेलदोड्याचा, साखर अशी की ओठ चिकटावेत. मग गोदामातलं प्रकाशचं टेबल दाखवलं. फडताळात बाटल्या होत्या, खजुराच्या बियांची पूड, करवंटीची पूड, तूस. प्रत्येकावर त्याच्या हातची चिठ्ठी. खुर्चीबद्दल मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. टेबलामागे एक नवी होती.

किरणांचं यंत्र तिथे नव्हतं. शिटं खोक्यांत भरून दुसरीकडे पाठवतात. तिथे जाडजूड भिंतींच्या खोलीतून पट्ट्यावर सरकत जातात आणि पलीकडून पक्की होऊन येतात. आत माणूस नसतो. मिरजेलाही तसंच होतं. मालकांना झोपवून आम्हाला बाहेर काढायचे.

निघताना मी पिशवी टेबलावर ठेवली. "ये उसने मंगवाया था. रख लो."

जोसेफनं मूठभर तूस तळहातावर घेतला. अर्ध्या बोटानं चोळला. परत चोळला, नाकाशी नेला. मग माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, पिशवीत काही मेलं आहे की काय.

"अम्मा, ये पहला वाला है."

"पहला कौनसा?"

"पहली थैली जैसा. नरम. बाद में जो बोरी आया, वो ऐसा नहीं था. सूखा था. मैंने सर को बोला था, सर, पहला माल हाथ में नरम लगता था. सर बोले, नहीं जोसेफ, भात वही है, मिल वही है, मैंने अम्मा से पूछा है." त्यानं बोटं उजेडात धरली. ती चकाकत होती. "अम्मा, इसमें क्या लगाया?"

"कुछ नहीं लगाया," मी म्हटलं. आणि म्हणताम्हणताच मला कळलं.

एरंडेल. पिशवीत भरून ठेवायची वस्तू म्हटली की मी हाताला एरंडेल घेऊन ती चोळते. डाळ, गहू, तांदूळ, कडधान्य. आईनं शिकवलं, सासूनं शिकवलं. तुसाला कोण लावतं? कुणी नाही. पण मुलाबरोबर परदेशी जायची पिशवी, वाटेत कीड पडली तर लाज, म्हणून मी पहिल्या पिशवीला लावलं. या पिशवीलाही मीच लावलं. मधली दोन पोती दत्तूनं फावड्यानं भरली. तो कशाला लावतोय?

प्रकाशनं मला तीनदा विचारलं होतं. पहिल्यांदा विचारलं, "आई, तूस तोच ना?" मी म्हटलं, "तुसाला काय जात असते?" दुसऱ्यांदा म्हणाला, "नीट आठव. पहिल्या पिशवीच्या वेळी काही वेगळं केलं होतंस?" मी म्हटलं, "काय करायचंय, साखर घालायची?" तो हसला होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गिरणीत गर्दी होती. मी म्हटलं, "काही केलं नाही रे बाबा, किती वेळा सांगू." तो बरं म्हणाला आणि ठेवला.

मी खोटं बोलले नव्हते. एरंडेल लावणं ही काही केलेली गोष्ट आहे असं मला वाटलंच नव्हतं. केर काढला, दिवा लावला, हे कुणी सांगतं का?

जोसेफला मी सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला, मग समजावलं. तूस कितीही भाजून घेतला तरी हवेतलं पाणी ओढतो, आणि त्या गावच्या हवेत पाणी फार. रबरात गेला की पाण्याची वाफ होते, फोड येतात. शिवाय रबर आणि तूस एकमेकांना धरत नाहीत. तेलाचा हात फिरला की पाणी बाहेर राहतं, रबर दाण्याला धरतं, त्या धरलेल्या जागी किरण गाठी पक्क्या करतात. "मेरे को ऐसा लगता है," म्हणाला. "सर होते तो ठीक से बताते."

मला खात्री करायची होती. दिवाकर साहेबांना फोन लावायला सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोन वेगळे घाणे करा. निम्मा तूस आहे तसा, निम्मा साबणानं धुऊन वाळवून. बाकी सगळं प्रकाशच्या पहिल्या कृतीप्रमाणे. किरण द्या. शिटं ओढून बघायच्या दिवशी मी येतो."

पुन्हा अल क्वोज

आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी एरंडेलाचं घरी कुणाला सांगितलं नाही. वैशालीला एवढंच म्हटलं, एक चाचणी आहे. खरं तर मी वाट बघत होते. धुतलेल्या तुसाचं शीटही चांगलं निघालं, तर माझा काही दोष नाही. पण मग प्रकाशचे आकडे का चुकले, ते कायमचं अंधारात. आणि धुतलेलं फाटलं, तर तो खरा आणि मी दोषी. मी कोणतं मागत होते ते आठ दिवस माझं मला ठरवता येईना. मग इराच्या खोलीच्या रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि ठरवलं, धुतलेलं फाटू दे.

शिटं ओढायच्या दिवशी इरानं शाळेला दांडी मारावी असं मी वैशालीला सांगितलं. इरा म्हणाली, "व्हाय?" मी म्हटलं, "मला इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत म्हणून." येतात. गिरणी चालवते मी.

आम्ही तिघी पोचलो तेव्हा दिवाकर साहेब आले होते. शिटांच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. एका यंत्राचे दोन जबडे पट्टीची दोन टोकं धरतात आणि ओढत जातात. आधी धुतलेल्या तुसाची पट्टी लावली. ती थोडी ताणली आणि तटकन तुटली. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. मग तेलाच्या तुसाची लावली. ती लांब होत गेली. होतच गेली.  सोनेरी ठिपके लांबट झाले, आणि बऱ्याच वेळानं ती तुटली. तशा पाच पट्ट्या ओढल्या.

जोसेफनं प्रकाशची वही इराच्या हातात दिली होती. "पढ़ो बेबी, पहला वाला पन्ना." ती एकदा पडद्यावर बघे, एकदा वहीत. तिनं बोट ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. पाचही पट्ट्यांचे.

"इट्स द सेम," म्हणाली. मग दिवाकर साहेबांकडे वळून मोठ्यानं, "अंकल, इट्स द सेम!"

दिवाकर साहेबांनी चष्मा काढला. "येस बेटा," म्हणाले. "युवर फादर वॉज राईट." मग मराठीत, "मी चुकलो. मी हे लिहून देईन, तुझ्या हातात देईन."

दिलंही. नंतर दोन दिवसांनी स्वतः अल नहदाला येऊन देऊन गेले.

इरा वहीची पानं उलटत होती. सगळी वही इंग्रजीत. ती एका जागी थांबली आणि वही माझ्याकडे केली. "आजी, धिस इज मराठी. मला वाचता येत नाही."

मी चष्मा लावला. पहिल्या पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, "आईचा तूस." पुढे बऱ्याच पानांनंतर, आकड्यांच्या मधे, "आईला विचारलं. काही वेगळं केलं नाही म्हणते." चार पानं पुढे, "आईला परत विचारलं. नाही." आणि शेवटी, जिथून पुढे वही कोरी होती तिथे, "आईला तिसऱ्यांदा विचारलं. ती चुकायची नाही. म्हणजे चूक माझीच आहे."

अक्षर चांगलं होतं त्याचं. लहानपणापासून.

मला तिथे थांबता आलं असतं. पोरीला वाचता येत नव्हतं. वैशाली लांब उभी होती. बाप खरा ठरला होता, माझं काम झालं होतं. मी चारही जागा पहिल्यापासून मोठ्यानं वाचल्या. मग इराला सांगितलं, एरंडेल मी लावलं होतं. त्यानं तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हटलं.

ती सगळं मराठी समजते. मला ते त्या दिवशी कळलं.

"व्हाय डिडन्ट यू टेल हिम?" तिनं विचारलं. तिचा आवाज चढला होता. "ही आस्क्ड यू थ्री टाइम्स, आजी! का नाही सांगितलंस?"

वैशाली पुढे आली, "इरा," म्हणाली. मी तिला हातानं थांबवलं.

"सांगण्यासारखं वाटलं नाही," मी म्हटलं. दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

येताना गाडीत ती पुढे, आईशेजारी बसली. माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. मला ते रास्त वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत प्रकाशचा फोटो आला. ती शाळेत गेल्यावर मी आत जाऊन पाहिला. कारखान्यातला होता, हातात शीट धरलेला, जोसेफ शेजारी.

घरी

निघायच्या दिवशी जोसेफ विमानतळावर आला. पाच पट्ट्यांतून उरलेल्या शिटाचा चौकोनी तुकडा त्यानं मला दिला. कारखाना आता तूस तेल लावून वापरणार आहे का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

इरानं मला मिठी मारली नाही. ती फक्त म्हणाली, "रविवारी फोन करते."

करते. दर रविवारी, आमच्याकडे अकरा वाजता. पहिल्या फोनला मला वाटलं, बरी आहेस का विचारील. तिनं विचारलं, "आजी, आठवडाभर काय केलंस?"

"काही नाही. रोजचंच."

"नो. काही नाही म्हणायचं नाही. सगळं सांग."

म्हणून आता मी सगळं सांगते. किती वाजता उठले. चुलीत काय घातलं. मोटरीखालचा तुकडा बघितला, चीर नाही. मूग आणले, निवडले, उन्हात घातले, हाताला किती थेंब एरंडेल घेतलं, आधी डाव्या हातावर की उजव्या. ती मधे थांबवते, "हळू, आजी," म्हणते. ती लिहून घेते. पेन कागदावर फिरतं ते मला ऐकू येतं.